इथलं पाणी लागतं

पुणे, ३ ऑगस्ट २०२४

प्रिय मायाताई,
सप्रेम नमस्कार.

अरुंधती गेल्यापासून दर दिवाळीला तुम्हाला चार ओळी पाठवतो, तेवढाच आपला पत्रव्यवहार. तेव्हा भर पावसाळ्यात आलेलं हे जाड पाकीट पाहून घाबरू नका. घरी सगळे बरे आहेत. माझं एक काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला सांगावं हे सुचलं नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या तळघरात नदीचं पाणी शिरलं. विजेची सगळी यंत्रणा तळघरात, जनरेटरही तिथंच. दोन्ही बुडाले. ज्या शहाण्यानं ही रचना केली त्याला एक वर्ष माझ्या हाताखाली ठेवायला हवं होतं. अकराव्या मजल्यावर आम्ही दिव्यावाचून, पाण्यावाचून बसलो. ऋषी जिन्यानं बादल्या चढवत होता, सूनबाई मुग्धा बाटल्या आणत होती, आणि उभा जन्म वीज मंडळात काढलेला मी खिडकीशी बसून 'जपून रे' एवढंच म्हणत होतो. मायाताई, मला फार लाज वाटली.

तेव्हाच मनाशी ठरवलं. दोन एकर जमीन घ्यायची. स्वतःची विहीर, छपरावर सोलर, दारात एक गाय, कोठीत वर्षाचं धान्य. पूर येवो, साथ येवो, चार महिने बाजार बंद पडो, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. आणि ही जमीन नागपूर जिल्ह्यातच घ्यायची. तिकडे पुराची भीती कमी, असं कारण मी घरात सांगितलं आहे.

प्रश्न आहे तालुक्याचा. उमरेड, कुही की भिवापूर? एकट्या माणसाला अडीअडचणीत कोणता तालुका पोसेल? तुम्ही बेसाला राहता, उमरेड रोड तुम्हाला जवळ, तुमचं आजोळही त्याच बाजूचं. जरा हिंडून, चार लोकांना विचारून सांगाल का? फोनच करणार होतो, पण तुमच्या कानांचं अरुंधती सांगायची ते आठवलं.

आपला,
शरच्चंद्र


बेसा, नागपूर, १८ ऑगस्ट २०२४

शरच्चंद्रराव यांस,
नमस्कार.

फोन केला नाहीत ते बरं झालं. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, आणि उरलेलं अर्धं तुम्ही बोलत नाही.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. गाय पाळणार म्हणे! अरुंधती आणि मी स्टाफरूममध्ये शेजारी बसायचो, तेव्हा तुमच्या घरातलं मला सगळं ठाऊक आहे. आठ वाजता तुमच्या हातात चहाची कपबशी यायची, आणि ती बशी कुठं धुतात हे तुम्हाला निवृत्तीपर्यंत माहीत नव्हतं. गाय आठपर्यंत थांबत नाही हो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र खिडकीशी बसलेले तुम्ही दिसलात, आणि हसू आलं नाही.

आयुष्यभर मी मुलांचे मराठीचे पेपर तपासले. तालुका तपासायला पहिल्यांदाच कुणी दिला आहे. करीन. मलाही घराबाहेर पडायला निमित्त हवंच होतं. गुडघे कुरकुरतात, पण बसमध्ये बसायला गुडघे लागत नाहीत.

माझा भाऊ गोपाळराव, कळमन्याला धान्याचा अडत्या, त्याला आधी विचारून घेतलं. तो म्हणाला, "त्याईले सांग, दोन एकरात खायापुरतं आरामात पिकते. पन निंदाले कोन येईन? मानूसच भेटत नाही आजकाल." मी म्हटलं, ते स्वतः निंदतील. तर माझ्याकडे पाहून तो असा हसला की चहा सांडला त्याचा.

तेव्हा अजून वेळ आहे, विचार करा. आणि नेमकं काय काय पाहायचं ते लिहून पाठवा. मास्तरीण आहे, प्रश्नपत्रिकेशिवाय मला तपासता येत नाही.

आपली,
माया


पुणे, ३० ऑगस्ट २०२४

प्रिय मायाताई,
सप्रेम नमस्कार.

बशी मी हल्ली स्वतः धुतो. अरुंधतीला हे पाहायला मिळालं नाही, याचं वाईट वाटतं.

प्रश्नपत्रिका अशी. सगळ्यात आधी पाणी. बोअरला किंवा विहिरीला पाणी लागतं का, आणि उन्हाळ्यात टिकतं का? ते नसेल तर पुढचं काही विचारायलाच नको. मग पावसाळ्यात रस्ता चालू राहतो का, डॉक्टर किती लांब, वीज किती वेळ जाते. कोळशाच्या खाणीपासून लांब असावं, मी आयुष्यभर पुरेसा कोळसा पाहिला. आणि शेजार. संकटात शेजारी दार उघडतील असं गाव हवं. हे कसं तपासायचं ते मला सांगता येत नाही, तुम्हाला जमेल.

इथं सगळे म्हणतात, पुण्याची हवा किती छान. असेल. मला मे महिन्यातली आपली दुपार आठवते. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि संध्याकाळी ऊन उतरलं की तुम्ही आमच्या क्वार्टरवर यायच्या. दर शनिवारी. अरुंधती आणि तुम्ही एखाद्या शब्दावरून भांडायच्या, मी मध्ये बोललो की दोघी मिळून मला गप्प करायच्या. इथं मला कुणी गप्प करत नाही. फार आदरानं वागवतात.

तुमचे गुडघे सांभाळून हिंडा. घाई नाही.

आपला,
शरच्चंद्र


बेसा, नागपूर, २० ऑक्टोबर २०२४

शरच्चंद्रराव यांस,
नमस्कार.

पाऊस उघडल्यावर निघाले आणि तिन्ही तालुके हिंडले. भिवापूर तुमच्या नाकाला झेपणार नाही. तिथं मिरची अशी वाळत घालतात की बसमधून उतरायच्या आधीच मी शिंकत होते. लोक फार चांगले, पण शिंका देत देत संकटाशी कसं लढणार? कुहीला जमीन छान काळी आहे. मात्र जी जागा पाहिली तिथला नाला पावसाळ्यात रस्त्यावरून वाहतो, आणि तुम्ही पुरालाच कंटाळून निघालात.

उमरेड तालुक्यात मात्र एक जागा सापडली. गावाचं नाव हिवरझरा. तिथले रामाजी आणि त्यांची बायको प्रयागबाई, दोघं माझ्या आजोळच्या भावकीतले. बसथांब्यावर उतरून थोडं चालावं लागतं. खाण बरीच लांब, धुराळा नाही. वीज जाते, पण सांगून जाते असं रामाजी म्हणाले. उमरेडला डॉक्टर आहेत. वाघाचं विचारलं, तर रामाजी म्हणतात, "येते कधीमधी. पन तो आपल्या वाटेनं जाते." तुम्हीही तुमच्या वाटेनं गेलात तर अडचण नाही.

शेजाराचं लिहिते. मी प्रयागबाईकडे बसले होते, तेवढ्यात पलीकडच्या घरातल्या सासूला चक्कर आली. प्रयागबाईनं चुलीवरचा तवा तसाच सोडला आणि लंगडत का होईना, धावली. मागून आणखी दोघीजणी आल्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आमच्या बिल्डिंगमध्ये मी पडले तर आधी ग्रुपवर मेसेज येईल. शेजाराला मी दहापैकी दहा दिले. उभ्या नोकरीत दहापैकी दहा मी निबंधालासुद्धा दिले नव्हते.

जमीन रामाजींच्या पुतण्याची आहे, प्रेमानंद त्याचं नाव. तिथं मोहाचं मोठं झाड आहे, त्याखाली बसले तर उठावंसं वाटेना.

राहिलं पाणी. तुम्ही सगळ्यात आधी विचारलंत आणि मी सगळ्यात शेवटी लिहिते आहे. रामाजींना विचारलं, प्रयागबाईला विचारलं, शेजारी विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, इथलं पाणी लागतं. आता यावर मी वेगळं काय लिहू? बाकी सगळ्याला गुण दिले, पाण्याचे तुम्हीच द्या. निर्णय तुमचा.

आपली,
माया


पुणे, २८ ऑक्टोबर २०२४

प्रिय मायाताई,
सप्रेम नमस्कार. दिवाळीच्या शुभेच्छा आधीच देऊन टाकतो.

पाण्याला दहापैकी दहा! सगळं गाव एकमुखानं सांगतं की इथलं पाणी लागतं, मग राहिलं काय? मला तर वाटलं होतं, तुम्ही लिहाल की तीनशे फूट जाऊनही धूळच निघते. पत्र वाचून मी मुग्धाला म्हणालो, आज गोड काहीतरी कर. तिला वाटलं, मला कुठला पुरस्कार मिळाला.

सोबत घराचा नकाशा जोडला आहे. आधी एकच खोली काढली होती, एकट्या माणसाला पुरे. मग दुसरी काढली. पाहुणे येतात. ओटा पूर्वेला ठेवला आहे, म्हणजे संध्याकाळी सावली राहील. ओट्यावर दोन वेताच्या खुर्च्या मावतील. उमरेडहून नागपूरला शेवटची बस किती वाजता असते? कुणी शनिवारी आलं आणि बस चुकली, तर दुसरी खोली आहेच, असा विचार केला.

मोहाच्या झाडाला नकाशात हात लावलेला नाही.

आपला,
शरच्चंद्र


बेसा, नागपूर, १४ नोव्हेंबर २०२४

शरच्चंद्रराव यांस,
नमस्कार.

पत्र आणि नकाशा मिळाला. उत्तराला उशीर झाला. मध्ये दिवाळी होती, मग जरा सर्दी.

शेवटच्या बसची वेळ थांब्यावर तिघांना विचारली, तिघांनी वेगवेगळी सांगितली. तेव्हा ती चुकणार हे धरून चाला.

ओट्याला तुम्ही पायऱ्या पाच काढल्या आहेत. माझ्यासारख्या पाहुण्यांचे गुडघे लक्षात घेऊन तीन करा. खुर्च्या वेताच्या नकोत, आपल्याकडच्या उन्हात त्या तडकतात. लाकडाच्या घ्या.

थंडी पडू लागली आहे. बाकी काही विशेष नाही.

आपली,
माया


पुणे, २ डिसेंबर २०२४

प्रिय मायाताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र फारच छोटं होतं. सर्दी गेली ना? पायऱ्या तीन केल्या. खुर्च्या लाकडाच्या लिहून ठेवल्या.

मी प्रेमानंदला फोन करून शब्द दिला आहे. जानेवारीअखेर येतो आणि कागद करतो. ऋषीला सांगितलं तेव्हा त्यानं हातातला फोन बाजूला ठेवला. मग म्हणाला, "बाबा, आम्ही कुठं कमी पडलो का?" नाही रे, म्हटलं. आणि ते खरंच आहे. पोरं गुणी आहेत. पण तुम्हाला म्हणून सांगतो मायाताई, या घरात माझी सगळी सोय आहे आणि मला करायला काही नाही, कुणाची वाट पाहायला नाही. या वयात कशाची तरी इतकी ओढ लागू शकते हे मी विसरूनच गेलो होतो. सकाळी उठल्यावर आधी हिवरझरा आठवतो.

भाकरी करायला शिकतो आहे. कालची गोल झाली होती, फक्त आतून कच्ची.

आपला,
शरच्चंद्र


बेसा, नागपूर, २१ डिसेंबर २०२४

शरच्चंद्रराव,

हे पत्र पुरतं वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

हिवरझऱ्याचं पाणी लागतं म्हणजे सापडतं असं नाही. बाधतं. तुम्ही बोअरचं विचारलं होतंत, आणि मी गावाचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. 'त्या गावचं पाणी लागतं' म्हटल्यावर आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा तिथं पाणी पीत नाही. पत्र पेटीत टाकलं तेव्हा मला खात्री होती की तुम्ही जागा नाकारणार. हळहळत घरी आले होते. आणि तुमचं आलं ते दहापैकी दहा! आधी हसू आलं, इतका शिकलेला माणूस आणि मराठीत नापास. लगेच कागद घेतला होता चूक सांगायला. मग नकाशा उलगडला. त्यात दुसरी खोली होती. मी कागद ठेवून दिला आणि तुम्हाला पायऱ्यांविषयी लिहिलं.

तुम्ही शब्द दिल्याचं कळलं म्हणून आज पुन्हा हिवरझऱ्याला गेले. पाणी खरंच तेवढं वाईट नसेल, अशी आशा होती. थांब्याजवळच्या हातपंपाला लाल रंग फासला आहे, हे पाणी पिऊ नका अशी खूण, मागच्या वेळी मी तो पाहूनही पाहिला नव्हता. प्रयागबाई खाटेवर बसून भाकरी थापत होती, कारण तिला आता खाली बसताच येत नाही. ती माझ्याहून लहान आहे हो. तिची नात करिष्मा हसताना तोंडावर हात धरते. दातांवर तपकिरी डाग आहेत पोरीच्या. लहानपणापासून तेच पाणी. उमरेडचे डॉक्टर म्हणाले, पाण्यात फ्लोराइड आहे, हाडं आखडतात, आणि एकदा आखडली की औषध नाही. प्यायचं पाणी आता टँकरनं येतं. न आलं की पुन्हा विहीर.

प्रयागबाईनं मला विचारलं, "काय वं बाई, त्या पुन्याच्या मानसाले खरंच आनून राहिली का इथं?"

"येतो म्हंतात ते."

"पान्याचं सांगतलं ना त्याईले?"

"सांगतलं."

"मंग तरी येऊन राहिले? काहून?" थापती भाकरी हातातच राहिली तिची. माझ्याकडे पाहत म्हणाली, "ते तुहे कोन लागतात वं?"

तीच पुढे म्हणाली, "कोनी लागत असन तं नको आनू. आमचं चालते, आमचा जलमच इथला. पन आपल्या मानसाले कोनी हे पानी पाजते का?"

शरच्चंद्रराव, दोन-चार वर्षांत तुम्हाला काही होणार नाही, असं मी स्वतःला महिनाभर समजावत होते. घरी आले आणि हे लिहायला बसले. प्रेमानंदला आजच नाही म्हणून कळवा. त्याचीही चूक नाही. त्याला वाटतं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे.

माया


पुणे, ५ जानेवारी २०२५

प्रिय मायाताई,
सप्रेम नमस्कार.

रागावलो नाही. आधी एकट्यानंच खूप हसलो. मराठी माणसानं मराठीतच असं तोंडावर पडावं! ऋषी धावत आला, मला काय झालं म्हणून. मग मात्र खिडकीशी जाऊन बसलो.

प्रेमानंदला कळवलं. पाणी गाळायचं यंत्र बसवता येतं, मी इंजिनियर आहे, तो विचार केला. पण वीज गेली की यंत्र बंद, म्हणजे ज्या संकटासाठी जायचं त्याच संकटात विहिरीकडे तोंड. आणि गाय कुठलं पाणी पिणार? तो विषय संपला.

ऋषीनं मध्यंतरी एक जागा पाहून ठेवली होती, पुण्याबाहेर, फक्त ज्येष्ठांची वसाहत. आम्ही परवा जाऊन आलो. जनरेटर गच्चीवर आहे, तळघरात नाही. डॉक्टर आवारातच. भजनाचा हॉल आहे. तुमच्या पद्धतीनं गुण द्यायचे तर दहापैकी नऊ द्यावे लागतील. महिनाअखेर होकार कळवायचा आहे.

कुही पुन्हा पाहा, असं तुम्हाला लिहिणार होतो. लिहून खोडलं. खरं सांगतो, मला गाय पाळता येणार नाही. निंदणं तर दूरच, मला खाली वाकलं की गरगरतं. हे मला ऑगस्टमध्येही माहीत होतं. पण नागपूरला परत यायचं तर काहीतरी सांगायला हवं होतं. जमीन हे बरं कारण होतं, चारचौघांत सांगण्यासारखं. ते गेलं. आता मी ऋषीला काय सांगून निघू?

प्रयागबाईंनी विचारलं त्यावर तुम्ही पुढे काय उत्तर दिलंत, ते पत्रात नाही. मी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

आपला,
शरच्चंद्र


बेसा, नागपूर, १२ जानेवारी २०२५

शरच्चंद्रराव,

उत्तर दिलं नाही, म्हणून पत्रात नाही. बसची वेळ झाली असं सांगून उठले. बस यायला अवकाश होता. थांब्यावर जाऊन बसले आणि उत्तर शोधत राहिले. मैत्रिणीचे यजमान, हे म्हणता आलं असतं. खोटं नव्हतं. पण प्रयागबाईसमोर ते तोंडातून निघालं नाही, आणि तेव्हा माझं मलाच कळलं.

संकटाची तयारी म्हणता तुम्ही. माझ्यावरचं संकट पुरानं आलं नाही. अरुंधती गेली, आणि वर्षाच्या आत तुम्ही सामान बांधून पुण्याला गेलात. स्टेशनवर मी आले होते, गाडी सुटताना हात हलवला आणि रिक्षानं घरी आले. मग शनिवार आला. संध्याकाळी मी साडी बदलली, पर्स घेतली, आणि दाराशी गेल्यावर लक्षात आलं की जायचं कुठं? असे किती शनिवार गेले ते मोजले नाहीत. तुमची दिवाळीची चार ओळींची पत्रं मात्र मी पाठ म्हणून दाखवीन.

अरुंधतीचा विचार केला नाही असं समजू नका. मनातल्या मनात तिच्याशी बोलते मी अजून. ती रागावेल असं मला वाटत नाही. मला चिडवेल खूप, आणि तेवढा तिचा हक्क आहे.

आता जागेचं. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक फ्लॅट रिकामा आहे, भाड्यानं मिळेल. विहीर नाही. जमीन म्हणाल तर तुळशीच्या कुंडीपुरती. उन्हाळ्यात नळाला धार बारीक असते आणि भर दुपारी वीज गेली की जीव नकोसा होतो. जनरेटर आहे, तो चालू झालेला कुणी पाहिला नाही, तुम्ही आल्यावर बघा त्याच्याकडे. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. हाक मारलीत तर मला ऐकू येणार नाही. जिना चढून वर यावं लागेल. तुमच्या प्रश्नपत्रिकेत ही जागा काठावरसुद्धा पास होत नाही, मी प्रामाणिकपणे तपासली. त्या वसाहतीत सगळं आहे, आणि तिथं गेलात तर तुम्ही सुखात राहाल. मी तुम्हाला दर दिवाळीला चार ओळी लिहीन.

पण तुम्ही यावं असं मला वाटतं. फार वाटतं. ऋषीला काय सांगायचं, विचारता? खरं सांगा. नागपूरला एक बाई माझी वाट पाहते, म्हणावं. गुणी पोरगा आहे, ऐकेल.

या म्हणायला एवढे दिवस लागले, तेव्हा उत्तराची घाई करत नाही. सावकाश लिहा. फक्त लिहाल तेव्हा वर मायन्यात मला ताई लिहू नका. मला भाऊ तीन आहेत.

माया